नांगराच्या आधीची सायकल

बेळगावात शिकलेल्या विद्यार्थ्याला किर्लोस्कर रोड ठाऊक नाही असे सहसा होत नाही. दुकानांच्या पाट्या वाचीत आपण त्या रस्त्याने जातो-येतो, पण त्याला हे नाव का, असा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. विचारलाच तर उत्तर ठरलेले असते: लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी, पंप आणि इंजिने. लक्ष्मणराव किर्लोस्करांवरील पाठातही क्रम हाच असतो. गुर्लहोसूरचा जन्म, मुंबईचे शिक्षण, मग बेळगावातील सायकलींचे दुकान आणि लगेच पुढच्या वाक्यात नांगर. सायकलींच्या वाट्याला एक वाक्य येते. त्या एका वाक्यात पंधरा वर्षे दडलेली आहेत, आणि प्रस्तुत लेखकाला असे वाटते की लक्ष्मणरावांचे खरे शिक्षण त्याच पंधरा वर्षांत झाले. म्हणून या लेखात नांगर थोडक्यात येईल आणि सायकल, त्यातही तिचे मागचे चाक, जरा सविस्तर येईल.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. घराणे मूळचे कोकणातील किर्लोशीचे. त्यावरून आडनाव आले. भोवतीचा मुलूख कानडी, घरात बोली मराठी. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गुर्लहोसूरचे. एकाच लहानशा गावाने एक नाटककार आणि एक कारखानदार द्यावा, याचे नवल वाटते खरे; परंतु आपल्या या सीमेवरच्या मुलखात दोन भाषा जशा एकाच अंगणात नांदतात, तशी ही दोन माणसेही एकाच मातीतली. या नियतकालिकाच्या मराठी विभागात हा लेख येत असला तरी त्याचा नायक कानडी विभागाचाही तितकाच आहे.

वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. धाकट्या लक्ष्मणाचे मन मात्र पाठांतरात रमेना. चित्रे काढावीत, वस्तू उघडून आत काय आहे ते पाहावे, हाच त्याचा नाद. वडिलांच्या मनाविरुद्ध तो १८८५ साली मुंबईला गेला आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. खर्चाचा भार थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांनी उचलला. पुढे या दोन भावांच्या नावाने व्यवसाय उभा राहिला, त्याची मुळे या उपकारात आहेत.

चित्रकार होण्याचे स्वप्न दोन वर्षांतच मोडले. लक्ष्मणरावांची दृष्टी काही रंगांच्या बाबतीत दगा देते, असे ध्यानात आले. रंग सोडावे लागले, पण रेषा सोडण्याचे कारण नव्हते. त्यांनी यांत्रिक रेखाटनाकडे मोहरा वळवला आणि त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना त्या विषयाच्या शिक्षकाची नोकरी मिळाली. संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे होती. वर्ग सुटला की हा शिक्षक तिथे विद्यार्थी होई. इंग्रजी यथातथाच असताना त्यांनी अमेरिकन मशिनिस्टसारखी परदेशी मासिके शब्दकोश हाताशी घेऊन वाचली. पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती, ही गोष्ट आपण पदवीच्या मागे लागलेल्या मंडळींनी जाता जाता लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मुंबईत १८८८ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी आयुष्यात प्रथमच एका माणसाला सायकलीवर बसून जाताना पाहिले. किर्लोस्कर समूह आपला जन्म याच सालचा मानतो. सायकलीच्या इतिहासातही ते साल महत्त्वाचे. तीनच वर्षांपूर्वी, १८८५ मध्ये, कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळीने फिरवणारी रोव्हर सायकल आणली होती आणि १८८८ मध्येच डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. म्हणजे आज आपण जिला सायकल म्हणतो ती वस्तू तेव्हा पाळण्यात होती.

लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करीत आणि बेळगावला रामूअण्णांकडे पाठवीत. रामूअण्णा त्या विकत. किर्लोस्कर ब्रदर्स ही पाटी अशी लागली. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये असे आणि गिऱ्हाइकाला ती चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे घेत, असे सांगितले जाते. किंमत पाहता गिऱ्हाईक कोण असेल याची कल्पना येते. हा श्रीमंतांचा शौक होता.

त्या १५ रुपयांविषयी थोडे थांबून विचार केला पाहिजे. आज भाड्याची सायकल घेऊन चार दिवसांत मूल शिकते. मग शिकवण्यासाठी पैसे कशाचे? त्याचे उत्तर मागच्या चाकाच्या हबमध्ये आहे. त्या काळच्या सायकलींना फ्रीव्हील नव्हते. मागचे दातेरी चक्र हबवर पक्के बसवलेले असे. चाक फिरले की पॅडल फिरणारच; उतारावर पाय थांबवण्याची सोयच नाही. नवशिका घाबरून पाय रोखू पाही आणि पॅडल त्याचे पाय उडवून देई. अनुभवी स्वार उतार आला की पाय पॅडलवरून उचलून पुढच्या चिमट्यावरच्या लहान टेकूंवर ठेवीत आणि खाली पॅडले आपली गरगरत राहत. चढायचे म्हणजे मागच्या आसाला लावलेल्या छोट्या पायरीवर एक पाय देऊन, दुसऱ्या पायाने जमीन रेटीत, पुढे सरकून खोगिरावर बसायचे. उतरताना हाच प्रकार उलटा. ब्रेक म्हणजे पुढच्या टायरवर वरून दाबली जाणारी एक चमच्यासारखी पट्टी. बाकीचे थांबवणे पायांनी. पायांनी पॅडलला उलटा जोर देत चाक आवरायचे. असे वाहन अंगवळणी पाडायला गुरू लागत असे, आणि गुरूला दक्षिणा.

याच कारणाने विक्रीइतकेच दुरुस्तीचे काम महत्त्वाचे होते. सायकल विलायतेची, तिचा प्रत्येक भाग बोटीने आलेला. बेळगावात हबमधला एक छर्रा हरवला तर तो लोहाराकडून घडवून घेता येत नाही. आपल्या लोहारांची कारागिरी कमी होती असे नव्हे. परंतु तिची तऱ्हा वेगळी. गाडीच्या चाकाचा आस झिजला तर लोहार त्या गाडीपुरता, त्या चाकापुरता नवा घडवतो. तो दुसऱ्या गाडीला बसेलच असे नाही, बसावा अशी अपेक्षाही नाही. सायकलीच्या हबचे तसे नाही. पुढच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला तीन सोळांश इंचाचे दहा छर्रे, मागच्यात पाव इंचाचे नऊ, हे माप पुढे इंग्रजी सायकलींत इतके रूढ झाले की साध्या सायकलींत ते अजून टिकून आहे. बर्मिंगहॅमची बी. एस. ए. ही मुळात बंदुका करणारी कंपनी. एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीला बसला पाहिजे, ही शिस्त तिच्या कारखान्यात मुरलेली होती. तीच शिस्त तिने सायकलीच्या हबात, पॅडलात आणि पुढे फ्रीव्हीलमध्ये आणली. तेव्हा सायकल दुरुस्त करणारा माणूस नकळत एक नवा धडा गिरवीत होता: वस्तू माणसाच्या हातावर नव्हे, मापावर बनते.

हा धडा पुस्तकी वाटू नये म्हणून एक पाहिलेली गोष्ट सांगतो. एका जुन्या सायकलीचे मागचे चाक दुरुस्तीच्या दुकानात उघडले जात असताना मी तेथे उभा होतो. सायकल घरातल्या तीन पिढ्यांनी वापरलेली. विकत कधी घेतली हे सांगणारे कोणी उरले नव्हते. मिस्त्रीने आधी हबच्या नळीवरचा काळा थर रॉकेलच्या फडक्याने पुसला. मधोमध स्प्रिंगची एक छोटी पट्टी दिसली. ती सरकवली की खाली तेल सोडण्याचे भोक. जवळच तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची खूण. तो बी. एस. ए. चा शिक्का. मग त्याने भोके मोजली. मागे चाळीस, पुढे बत्तीस. छत्तीस-छत्तीसचे चाक असते तर तो इंग्रजी वळणाचा नव्हे असा संशय घेता आला असता. गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असता तर काम आणखी सोपे होते. त्याच्या नळीवर नमुन्याच्या अक्षरांशेजारी सालाचे दोन आकडे ठोकलेले असतात आणि पुढच्या काळातील हबवर महिनाही. साध्या हबला जन्मपत्रिका नसते. तिथे खुणांवरून वय काढावे लागते.

खरी गंमत फ्रीव्हील उतरल्यावर झाली. फ्रीव्हील सरळ आट्यांवर बसते आणि प्रत्येक पॅडलागणिक आणखी आवळले जाते, म्हणून वर्षानुवर्षे न काढलेले फ्रीव्हील हाताच्या पान्ह्याला दाद देत नाही. मिस्त्रीने त्याच्या खाचांत बसणारी चावी शेगड्यात धरली, वरून चाक बसवले आणि स्वतः चाकच दोन्ही हातांनी डावीकडे फिरवले. एवढ्या मोठ्या दांड्यापुढे आटे सुटले. खाली हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या निघाल्या. आतली मोठी, उजव्या आट्यांची. बाहेरची लहान आणि तिचे आटे उलटे. ही बाहेरची पायरी फ्रीव्हीलला लागतच नाही. ती लागते पक्क्या चक्राला. स्वाराने पायांनी उलटा जोर दिला की चक्र सुटू पाहील, म्हणून त्यावर उलट्या आट्यांचे एक कडे आवळायचे. म्हणजे ही सायकल पक्क्या चक्रावरही चालावी अशा बेताने बनवलेली होती आणि कोणीतरी तिला फ्रीव्हील लावले होते. इंग्रजी हबवर दोघांचे आटे एकाच मापाचे असल्यामुळे हे सहज होते.

लक्ष्मणरावांच्या चरित्राशी याचा संबंध सालांवरून कळतो. फ्रीव्हील इंग्लंडमध्ये सर्रास वापरात आले ते १८९८ ते १९०० च्या सुमारास. मागचे पॅडल मारले की ब्रेक लागणारे हब त्याच वर्षांतले. जर्मनीतील श्वाइनफुर्टच्या फिश्टेल आणि साक्स कंपनीचे टॉर्पेडो हब १९०३ चे. स्टर्मी-आर्चरचे तीन गिअरांचे हबही त्याच आगेमागे बाजारात आले. आणि लक्ष्मणराव मुंबईची नोकरी सोडून कायमचे बेळगावला आले ते १८९७ मध्ये. सायकलीचे मागचे चाक जेव्हा आतून बदलत होते, नेमक्या त्याच वर्षांत ते बेळगावच्या दुकानात होते.

नोकरी सोडण्याचे कारण प्रसिद्ध आहे. बढतीची जागा रिकामी झाली, हक्क लक्ष्मणरावांचा होता, पण जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. त्यांनी भांडण केले नाही. नोकरीच सोडली. वेदान्त्याच्या घरातला मुलगा, सरकारमान्य संस्थेतला शिक्षक, आता तेलकट हातांनी दुकानात बसणार, हे त्या काळी नातेवाइकांना किती रुचले असेल याचा तर्क करता येतो. पांढरपेशा घरात तेलाचे डाग हे आजही फारसे मानाचे मानले जात नाहीत.

त्या नव्या फ्रीव्हीलच्या पोटात काय होते ते पाहू. बाहेरच्या कड्याला दाते. त्याच्या आतल्या बाजूला करवतीसारख्या तिरप्या खाचा. आतल्या गाभ्यावर दोन लहान पोलादी जिभा, ज्यांना आपले मिस्त्री कुत्रे म्हणतात. प्रत्येक कुत्र्यामागे केसासारखी बारीक तारेची स्प्रिंग. पॅडल पुढे मारले की कुत्रे खाचेत अडकतात आणि चाक ओढले जाते; पाय थांबवले की कुत्रे खाचांवरून टक टक करीत घसरतात. उतारावर सायकलीचा जो गोड आवाज येतो तो हाच. दोन्ही बाजूंनी एक अष्टमांश इंचाच्या बारीक छऱ्यांच्या रांगा.

उघडण्याची रीत सांगतो. वसतिगृहात राहणाऱ्याला कधीतरी उपयोग होईल. झाकणावर दोन भोके असतात. त्यात पंच धरून हातोडीने ठोकायचे, परंतु घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. कारण झाकणाचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस उघडण्याच्या भरात ते अधिकच घट्ट करतो आणि भोकांची वाट लावतो. झाकण सुटताना खाली परात किंवा कापड हवेच, नाहीतर छर्रे दुकानभर होतात. झाकणाखाली कागदासारख्या पातळ चकत्या निघतात. त्या टाकून द्यायच्या नसतात. फ्रीव्हीलचा डगडग किती राहावा ते त्या ठरवतात. सारे भाग रॉकेलने धुवायचे, कुत्र्यांच्या टोकांची धार पाहायची, स्प्रिंगा जिवंत आहेत का ते बोटाने दाबून पाहायचे. आणि इथे बहुतेक जण चुकतात. हबच्या कपात ग्रीस भरतात तसे फ्रीव्हीलमध्येही दाट ग्रीस भरतात. थंडीत ग्रीस घट्ट होते, कुत्रे चिकटून बसतात, आणि चढावर उभे राहून जोर देताच पॅडल रिकामे फिरते. स्वार दांड्यावर आपटतो. फ्रीव्हीलला पातळ तेल, हबला ग्रीस. ओव्हरहॉल या शब्दाचे आपल्याकडे ओव्हरऑइल झाले आहे आणि त्या नावाला जागून कित्येक ठिकाणी नुसते तेलच ओततात, तो भाग निराळा.

हबचा कोन आवळणे हे त्याहून नाजूक. फार आवळला तर छर्रे कपाला चरतात, सैल राहिला तर चाक डुलते. जुनी परीक्षा अशी: चाक अधांतरी धरून सोडावे, व्हॉल्व्हच्या थोड्याशा वजनाने ते आपोआप हळूहळू फिरून व्हॉल्व्ह तळाशी येऊन थांबला पाहिजे, आणि तरीही रिम हाताने हलवून पाहता खुळखुळ जाणवता कामा नये. ही जाण शब्दांनी येत नाही. पान्हा धरलेल्या मनगटात ती येते.

रेखाटन शिकवणाऱ्या माणसाला असे काम करताना काय दिसत असेल? माझ्या मते त्याला कागदावरच्या रेषा आणि हातातली वस्तू यांच्यातले अंतर दिसत असेल. कोनाचा बाक, कपाचा बाक, छऱ्याचा व्यास, कुत्र्याच्या टोकाचा तिरपा कोन: यातली एक रेषा चुकली तर स्वार पडतो. पोलाद कुठे कठीण हवे आणि कुठे चिवट, हेही झिजलेला भाग शिकवतो. कपाचा पृष्ठभाग काचेसारखा कठीण, हबची नळी मात्र तशी नाही. एकाच वस्तूच्या दोन भागांना दोन स्वभाव दिलेले. हे सारे बेळगावात, कुठल्याही महाविद्यालयाविना, शिकता येत होते. समोर उघडलेले चाक हवे होते आणि ते रोज येत होते.

दुकानाला जोडून लहानसा कारखाना झाला. एक लेथ, एक भोके पाडण्याचे यंत्र, एक सहाणेचे यंत्र, एवढाच संसार. तेथे प्रथम कडबा कापण्याची यंत्रे बनली आणि मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. पुढची हकीकत सर्वांना माहीत आहे म्हणून भराभर सांगतो. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. विकलेल्या नांगरांचा फाळ विलायती फाळापेक्षा मऊ पडतो, अशी तक्रार आली तेव्हा लक्ष्मणरावांनी ती शेतकऱ्याच्या माथी मारली नाही. ओतीव लोखंडाचे मिश्रण सुधारीत बसले आणि फाळ कठीण केला. आता कपाच्या कठीणपणाची आठवण करा. फाळ झिजणार आणि तो बदलता आला पाहिजे. नवा फाळ जुन्या नांगराला तिथल्या तिथे बसला पाहिजे, लोहाराकडे न जाता. लाकडी नांगर हा त्या त्या सुताराचा असतो. हा नांगर मापाचा होता. सायकलीच्या दुकानातून नांगराच्या कारखान्याकडे जाण्यात लोकांना उडी दिसते. मला तर तिथे एक पाऊलच दिसते.

बेळगावने मात्र लक्ष्मणरावांना ठेवून घेतले नाही. नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवी होती आणि त्यांना जागा सोडण्यास सांगण्यात आले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. रेषेचा माणूस त्यांनी ओळखला होता. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची माळरानाची जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. १९१० मध्ये काही कामगार आणि रामूअण्णांसह सारा बिऱ्हाडा निवडुंगाच्या आणि सापांच्या त्या माळावर गेला. त्याची किर्लोस्करवाडी झाली. शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे ही सहकाऱ्यांची नावे त्या वसाहतीच्या इतिहासात अटळ आहेत. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्यांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले, हे तर अनेकांना वेडेपण वाटले. ते वेडेपण टिकले.

पहिल्या महायुद्धात विलायतेहून लोखंड येणे थांबले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा घेऊन त्या भट्टीत वितळवल्या आणि त्यांचे नांगर ओतले. बंदुकांच्या कारखान्यातून सायकलीचे हब निघाले होते, इथे तोफांतून फाळ निघाले. हा योगायोगच, पण जुना सायकलवाला मनातल्या मनात हसला असेल. १९२० मध्ये पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले आणि कारखान्याचे नाव नांगर न धरणाऱ्यांच्या घरातही गेले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून आले. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा यंत्रे बनवणारा कारखाना निघाला आणि घराणे पुन्हा कानडी मुलखात परतले. ज्या लेथवर बेळगावात एकेकाळी लहानसहान भाग कातले जात, तसले लेथ आता हे लोक स्वतः करू लागले. १९४८ च्या दंगलीत किर्लोस्करवाडीची जाळपोळ झाली. कारखाना पुन्हा उभा राहिला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यास वारले. टपाल खात्याने १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, त्यांचे तिकीट काढले. ते गेले त्याच १९५६ साली लुधियानात हीरो सायकल सुरू झाली. तीही सायकलींच्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या भावांनीच काढलेली. मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस आणि आसनसोलला रॅले आधीच बनू लागल्या होत्या. हब, कोन, छर्रे, फ्रीव्हील, सारे आता इथेच होऊ लागले होते.

दुकानात उघडलेल्या त्या सायकलीचे पुढे काय झाले ते राहिलेच. फ्रीव्हीलचे एक कुत्रे मोडले होते. मिस्त्रीने डब्यातून दुसऱ्याच कुठल्या तरी, नव्या देशी फ्रीव्हीलचे कुत्रे काढले, जुन्या बी. एस. ए. च्या गाभ्यात बसवून पाहिले, आणि ते बसले. झाकण उलट्या आट्यांवर आवळून, चाक हातात धरून, त्याने ते एकदा फिरवले आणि कानाजवळ नेऊन आवाज ऐकला.